ऑनलाइन धंद्याचा महिन्याचा जमाखर्च: मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात दांडियाबाजारातल्या आमच्या घरून मी मेतकूट, भाजणी, गोडा मसाला आणि दिवाळीत फराळ ऑनलाइन विकते. हिशेब कुठल्या वर्गात शिकले नाही. चुकत गेले आणि सासऱ्यांची बोलणी खात शिकले. ते बँकेतून निवृत्त झालेले, अजूनही घरची रोजकीर्द लिहितात. आता रावपुऱ्यातल्या, मांजलपूरच्या, वाघोडिया रोडच्या ओळखीच्या बायका आपापल्या वह्या घेऊन येतात. कुणी साड्या विकते, कुणी आकाशकंदील, एक जण ऑनलाइन पेटी शिकवते. माल वेगळा असला तरी प्रश्न तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून काढली.

महिन्याअखेरीस खात्यात जी रक्कम जमा झाली तीच माझी कमाई ना?

नाही. निम्मे घोटाळे इथेच सुरू होतात, म्हणून हे जरा सावकाश सांगते.

समजा तुमचा फराळाचा डबा एका मोठ्या विक्री-संकेतस्थळावर ५२५ रुपयांना गेला. त्यात ५०० रुपये मालाचे आणि २५ रुपये ५ टक्के जीएसटीचे. कंपनीने कमिशन ७५, ठरावीक फी २० आणि पोहोचवणावळ ६५ असे १६० रुपये कापले. (हे दर उदाहरणापुरते, तुमचे दर तुमच्या विवरणात बघा.) या १६० वर १८ टक्के जीएसटी लागला, म्हणजे २८ रुपये ८० पैसे. शिवाय कंपनी आपल्या विक्रीतून आधीच कापून आपल्या नावाने सरकारात भरते ते दोन कर: जीएसटीचा टीसीएस ०.५ टक्के, म्हणजे २ रुपये ५० पैसे, आणि आयकराचा टीडीएस ०.१ टक्का, म्हणजे ५० पैसे. सगळी वजावट १९१ रुपये ८० पैसे. तुमच्या खात्यात आले ३३३ रुपये २० पैसे.

बहुतेक जणी वहीत "विक्री ३३३.२०" असं लिहून मोकळ्या होतात. लिहायला हवं ते असं: विक्री ५००. जीएसटी २५, हे सरकारचे, आपल्याकडे फक्त ठेव म्हणून. खर्च १६०. भरलेला जीएसटी २८.८०, हा नोंदणी असेल तर आपल्या देण्यातून वळता होतो, उरला तर पुढे ओढला जातो. टीसीएस २.५०, हा जीएसटी पोर्टलवरच्या आपल्या रोख खात्यात येतो, पण तिथे जाऊन तो स्वीकारावा लागतो. कित्येकींचे पैसे वर्षानुवर्षं तिथेच पडून आहेत. टीडीएस ०.५०, तो आयकर विवरणपत्र भरताना मागायचा. म्हणजे या डब्यातून खऱ्या अर्थाने ३४० रुपये आले, ३३३.२० नाहीत आणि ५२५ तर नाहीतच. एका डब्यात फरक सहा रुपये ऐंशी पैशांचा. दिवाळीत चारशे डबे गेले तर तोच २,७२० रुपये होतो.

आणि हे ३४० सुद्धा नफा नाही. माझ्या हिशेबात डाळ, तेल, खोबरं मिळून १४०, पिशवी आणि खोका २२, मदतनीस बाईंची मजुरी ३०, गॅस ८, असे दोनशे रुपये डब्यातच गेलेले असतात. उरले १४०. हा १४० चा आकडा लक्षात ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे.

गुजरातीत दिवसाच्या विक्रीला वकरो म्हणतात, आणि इथल्या बाजारात "वकरो एटलो नफो" अशी म्हण आहे. ती मोडीत काढलेल्या मालासाठी आहे. जो माल फुकट गेला असं धरून चालला होतात, तो जितक्याला विकला गेला तितका नफा, असा तिचा अर्थ. ताज्या चकलीला ती लावू नका.

वेगळं बँक खातं खरंच लागतं का? माझा धंदा तो केवढासा!

पहिल्या वर्षी मीही हेच म्हटलं होतं. घरचं आणि धंद्याचं एकाच बचत खात्यात चालायचं, फोनवर यूपीआय एकच. त्या दिवाळीत पाचशे एक रुपये आले, मी लिहिलं "चकली, एक किलो". मार्चमध्ये ऑर्डरी आणि जमा ताडून बघताना एक किलो चकली कमी दिसेना की जास्त दिसेना, काही कळेना. शेवटी उलगडा झाला की ती माझ्या भावाने पाठवलेली भाऊबीजेची ओवाळणी होती.

सयाजीराव महाराजांनी १९०८ साली बँक ऑफ बडोदा काढली त्या गावात राहून आपण एक जास्तीचं खातं उघडायला कंटाळावं, हे बरं दिसत नाही. बँक कुठलीही निवडा, पण धंद्याच्या नावाने चालू खातं उघडा. उघडताना किमान शिल्लक किती ठेवावी लागते ते आधी विचारा, नाहीतर दंडच कापला जातो. बचत खात्यावर धंदा चालवणं बँकांच्या नियमात बसतही नाही. यूपीआयचा क्यूआर त्या नव्या खात्याचा. खोक्यावर, व्हॉट्सअ‍ॅपवर, सगळीकडे तोच.

घरखर्चाला पैसे लागले तर या खात्यातून एकदम ठरावीक रक्कम घरच्या खात्यात टाका आणि वहीत "उचल" लिहा. भाजीवाल्याला धंद्याच्या क्यूआरवरून पैसे देऊ नका. चाळीस रुपयांच्या कोथिंबिरीपायी महिनाअखेरी अर्धा तास जातो.

वही बरी, एक्सेल बरं की मोबाइलवरचं अ‍ॅप?

जे तुम्ही रोज उघडाल ते. मी दोन्ही वापरते: ओट्याजवळ एक दोनशे पानी वही, तिच्यात पीठ लागलेल्या हाताने जे सुचेल ते टिपते, आणि रात्री गूगल शीटमध्ये उतरवते. शीटमध्ये एका व्यवहाराला एक ओळ आणि सात रकाने: तारीख, कोण, कशाबद्दल, खातं, जमा, खर्च, आणि पैसे कुठून गेले किंवा कुठे आले. महिन्याची बेरीज पिव्होट टेबल आपोआप करतं. ते शिकायला एक दुपार लागते, घरातलं कॉलेजचं कुणीही शिकवेल.

अ‍ॅप चांगली असतात, पण एक बघा: सगळा डेटा बाहेर काढता येतो का? मांजलपूरच्या एका मैत्रिणीचं अ‍ॅप बंद पडलं आणि वर्षाचा हिशेब त्याच्यासोबत गेला. टॅली हे हिशेबाचं मोठं सॉफ्टवेअर ऑर्डरी फारच वाढल्या की घ्या. दिवसाला पाच ऑर्डरींसाठी ते मला तरी जड वाटतं.

खर्चाची खाती किती ठेवावीत?

दहा-बारा. कच्चा माल, पॅकिंग, मजुरी, कुरिअर, संकेतस्थळांची कमिशनं, पेमेंट गेटवेचे (गिऱ्हाइकाचे ऑनलाइन पैसे आपल्यापर्यंत पोचवणाऱ्या सेवेचे) चार्जेस, जाहिरात, वीज-गॅस, फोन-इंटरनेट, परवाने आणि व्यावसायिक फी, परत आलेला माल, किरकोळ. एवढ्यात बहुतेकांचं भागतं.

"किरकोळ" वर लक्ष ठेवा. महिन्याच्या एकूण खर्चात तो वीसातला एक भाग ओलांडू लागला की त्याच्या पोटात एखादं खातं लपलेलं असतं. माझ्या किरकोळीतून एकदा चिकटपट्टी निघाली, महिन्याला नऊशे रुपयांची.

विक्री कोणत्या तारखेला लिहायची? ऑर्डर आली तेव्हा, माल गेला तेव्हा की पैसे आले तेव्हा?

माल रवाना झाला त्या तारखेला. बिलही त्याच दिवशीचं फाडा. पैसे आल्याची तारीख शेजारच्या रकान्यात. हे दोन रकाने वेगळे नसले तर दिवाळीच्या महिन्यात विक्री खूप आणि पैसे कमी, पुढच्या महिन्यात विक्री शून्य आणि पैसे बक्कळ, असं चित्र दिसतं आणि माणूस चुकीच्या महिन्यात खुशाल होतो. संकेतस्थळं पैसे काही दिवसांनी, हप्त्याहप्त्याने सोडतात. माल पोहोचल्यावर रोख, म्हणजे सीओडी, त्यात कुरिअरवाला आधी पैसे जमवतो, मग तुम्हाला देतो. दुसरा रकाना रिकामा असलेल्या ओळी म्हणजे तुमची येणी. दर रविवारी त्या फक्त डोळ्यांखालून घाला.

दिवाळीआधी एकदम चाळीस-पन्नास हजारांचा माल भरला. तो सगळा त्याच महिन्याचा खर्च?

पैसे त्या महिन्यात गेले, पण खर्च वापराइतकाच. सुरुवातीचा साठा, त्यात खरेदी मिळवायची आणि शेवटचा साठा वजा करायचा. महिन्याच्या सुरुवातीला घरात १८,००० चा माल होता, ४६,००० चा आणला, शेवटी मोजला तेव्हा २१,००० चा उरला, तर वापरला ४३,००० चा.

यात कंटाळवाणं काम एकच: महिन्याच्या शेवटच्या दिवशी डबे उघडून मोजणं. पहिल्या दिवाळीनंतर सासऱ्यांनी मला विचारलं, "सूनबाई, खोबरं किती उरलंय?" मी म्हटलं, असेल पाच-सहा किलो. ते उठले, माळ्यावरचा काटा काढला आणि पोतं लावलं. पावणेतीन किलो भरलं. बाकीचं कुठे गेलं याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मग आठवलं: नातेवाइकांना दिलेले डबे, चवीला काढलेलं, आणि एक घाणा करपलेला. तेव्हापासून "भेट आणि नमुने" असं छोटं खातं आहे, आणि करपलेला घाणाही लिहिला जातो. माल सगळा मोजवत नसेल तर महागाच्या पाच वस्तू तरी वजन करून लिहा. मोहरीच्या डब्यात डोकावलं नाही तरी चालतं.

मी स्वतः दिवसभर राबते. माझा पगार खर्चात लिहू का?

कायद्याने नाही. एकट्या मालकाच्या धंद्यात मालकाने स्वतःला दिलेला पैसा म्हणजे उचल, खर्च नव्हे. आयकरात तो वजा होत नाही.

पण किंमत ठरवताना तो धराच. मदतनीस बाईंना तासाला जे देता निदान तेवढे स्वतःचे लावा. भाजणी भाजायला, दळून आणायला, पिशव्या भरायला, चिठ्ठ्या चिकटवायला आणि "ताई, माझा डबा कुठे पोचला" या फोनना उत्तरं द्यायला किती तास जातात ते एक आठवडा टिपून बघा. माझे आठवड्याला एकतीस भरले. मी अकरा-बारा धरून चालले होते. त्या महिन्यात भाजणीची किंमत वाढवली. दोन गिऱ्हाइकं गेली, बाकी राहिली.

लाइट बिल, इंटरनेट, मोबाइल: घरचं किती आणि धंद्याचं किती?

अंदाज एकदाच नीट ठरवा आणि वर्षभर तोच ठेवा. विजेला आम्ही दळणयंत्र आणि सीलिंग मशीनच्या बोर्डावर एक छोटं सबमीटर बसवून घेतलं, वाद मिटला. इंटरनेट आणि फोन निम्मे-निम्मे.

यंत्र घेतलं तर त्याची पूर्ण किंमत एका महिन्यावर टाकू नका. २४,००० चं दळणयंत्र चार वर्षं चालेल असं धरलं तर महिन्याला ५०० रुपये घसारा, म्हणजे यंत्राच्या झिजेचा खर्च, स्वतःच्या समजुतीसाठी. आयकरात यंत्रसामग्रीचा घसारा साधारणपणे १५ टक्क्यांनी, उरलेल्या किमतीवर धरतात. ते काम वर्षाअखेरी करसल्लागाराचं.

कुरिअरचं बिल माझ्या अंदाजापेक्षा नेहमी जास्त का येतं?

कारण ते नुसतं वजन मोजत नाहीत, जागाही मोजतात. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि बहुतेक कुरिअरवाल्यांकडे ५,००० ने भागायची, की आलं घनमानाचं वजन. खरं वजन आणि हे वजन यांत जे जास्त, त्यावर दर. पातळ पोह्यांचा चिवडा ८०० ग्रॅम, पण ३० × २२ × १५ च्या खोक्यात घातला तर ९,९०० भागिले ५,०००, म्हणजे जवळपास दोन किलो. चिवडा आणि शेव विकणाऱ्यांनी आधी खोका निवडावा, मग किंमत लावावी. मेतकुटाला हा त्रास नाही, ते बिचारं कोपऱ्यात बसतं.

महिन्याच्या कुरिअर बिलातल्या निदान दहा ओळी आपल्या वहीशी ताडून बघा. मला एकदा एकाच पार्सलाचं बिल दोनदा लागलेलं सापडलं. पुरावा म्हणून काट्यावरच्या खोक्याचा फोटो होता, पैसे परत आले. फोटो काढायला पाच सेकंद लागतात.

परत आलेला माल कसा लिहायचा?

दोन नोंदींनी. आधी विक्री उलटवायची (जीएसटी नोंदणी असेल तर क्रेडिट नोट, म्हणजे आधीचं बिल कमी केल्याची चिठ्ठी, काढून), मग जाण्या-येण्याचा खर्च "परत आलेला माल" या खात्यात टाकायचा. साडी परत आली तर घडी घालून पुन्हा साठ्यात जाते. फराळ जात नाही. वरच्या डब्याचं बघा: आतला २०० चा माल गेला, जाताना ६५ आणि येताना ६५, एकूण ३३०. एका डब्यात आपल्याला सुटतात १४०. म्हणजे एक डबा परत आला की जवळपास अडीच डब्यांची कमाई पुसली जाते. सीओडीवर परत येण्याचं प्रमाण जास्त असतं. मी खाद्यपदार्थांना सीओडी बंदच केली. विक्री थोडी घटली, वहीतली लाल शाई बरीच घटली.

जाहिरातीवर खर्च केला, ऑर्डरी वाढल्या. हे चांगलंच ना?

भागाकार करून बघा. इन्स्टाग्रामवर महिन्याला ३,००० घातले आणि जाहिरातीतून नवीन अशा २४ ऑर्डरी आल्या, तर एका ऑर्डरीला १२५ पडले. एका डब्यात सुटणारे १४०. हातात पंधरा रुपये. यातल्या एकीने जरी डबा परत केला तरी उलटा हिशेब. हीच गिऱ्हाइकं पुन्हा मागवतात का यावर ते १२५ वसूल होतात की नाही ते ठरतं, म्हणून शीटमध्ये "नवीन की जुनं" असा एक रकाना ठेवा. जाहिरातीचे पैसे कार्डातून थोडेथोडे कापले जातात, ते एकेक न लिहिता महिन्याचं बिल उतरवून घेऊन एकदाच लिहा.

माझी विक्री चाळीस लाखांच्या जवळपासही नाही. मग जीएसटीची काळजी कशाला?

बडोद्यातल्या मराठी घरांना हा प्रश्न पुण्याच्या मावशीमुळे पडतो. मालाच्या विक्रीला गुजरातेत ४० लाखांची मर्यादा आहे, सेवेला २० लाखांची, हे खरं. पण मालाची ही सवलत राज्याच्या आतल्या विक्रीला. आपलं अर्धं गिऱ्हाईक पुण्या-मुंबईला, ठाण्याला, नाशिकला. राज्याबाहेर माल विकला की नोंदणी पहिल्या रुपयापासून लागते. काही ठरावीक हस्तकला-वस्तूंना यातून सूट आहे, फराळाला नाही. पेटी शिकवणारीला मात्र बाहेरच्या राज्यातले विद्यार्थी असले तरी २० लाखांपर्यंत चिंता नाही, कारण ती सेवा आहे.

मोठ्या संकेतस्थळांवर पूर्वी नोंदणीशिवाय माल विकताच येत नसे. १ ऑक्टोबर २०२३ पासून, फक्त स्वतःच्या राज्यात विकणाऱ्या छोट्यांना पोर्टलवर नावनोंदणी क्रमांक घेऊन मर्यादेपर्यंत विकता येतं.

नोंदणी असेल तर शीटमध्ये कराचा दर सूत्रात न घालता वेगळ्या रकान्यात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून पाकीटबंद चिवडा-शेवेवरचा दर १२ टक्क्यांवरून ५ वर आला. ज्यांच्या सूत्रात १२ कोरलेला होता त्यांनी ऐन दिवाळीत दोन आठवडे चुकीची बिलं फाडली. त्यातली एक मी. खरेदीच्या बाजूने दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर जीएसटीआर-२बी, म्हणजे आपल्या खरेदीवरच्या कराची यादी, तयार होते. तुम्ही कर भरलेली बिलं त्यात दिसतात की नाही ते बघा. दिसत नसेल तर खोकेवाल्याला लगेच फोन. तीन महिन्यांनी त्याला तुमचं बिल आठवत नाही.

अंदाजित नफ्यावर कर भरता येतो, तर मग हिशेब ठेवायचाच कशाला?

छोट्या व्यापाऱ्याला आयकरात सोय आहे: उलाढाल २ कोटींपर्यंत (रोखीची जमा ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसेल तर ३ कोटींपर्यंत) असेल तर बँकेतून किंवा डिजिटल मार्गाने आलेल्या विक्रीवर ६ टक्के आणि रोखीवर ८ टक्के नफा धरून विवरणपत्र भरता येतं. जुन्या कायद्यात हे कलम ४४एडी होतं. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू झाला, त्यात कलमाचा क्रमांक बदलला, सोय राहिली. ज्यांना आगाऊ कर लागतो त्यांना या सोयीत तो १५ मार्चपर्यंत एकदाच भरता येतो.

पण ते आयकर खात्याला सांगायचं उत्तर आहे. स्वतःला काय सांगणार? शिवाय ६ टक्के कशाचे, तर पूर्ण विक्रीचे, खात्यात आलेल्या रकमेचे नव्हेत. आणि पूर्ण विक्री तुमच्याकडे लिहिलेलीच नसेल तर पहिल्या प्रश्नाकडे परत जा. कंपन्यांनी कापलेला टीडीएस आयकराच्या वार्षिक माहिती विवरणात दिसतो, त्यासोबत विक्रीचा आकडाही. तो तुमच्या आकड्याशी जुळला नाही तर विचारणा येऊ शकते. (वर्षात एका संकेतस्थळावरची विक्री ५ लाखांच्या आत असेल आणि पॅन दिलेला असेल तर व्यक्तीचा हा टीडीएस कापला जात नाही.)

आमच्याकडे चोपडापूजन, म्हणजे हिशेबाच्या वह्यांची पूजा, दिवाळीला होतं. हिशेबाचं वर्ष तेच धरू का?

पूजा दिवाळीलाच करा, हिशेब एप्रिल ते मार्च ठेवा. गुजरातेत कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे आपल्या पाडव्याला, नवं विक्रम संवत सुरू होतं. त्याच्या आदल्या दिवसांत नवे चोपडे पूजले जातात, आणि बरेच घाऊक व्यापारी लाभपंचमीपर्यंत दुकान उघडत नाहीत. या शेवटच्या गोष्टीचा तुमच्या खिशाशी थेट संबंध आहे. दिवाळीआधी ते सगळी उधारी मिटवायला सांगतात, नेमकी तेव्हा तुमची येणी संकेतस्थळांकडे अडकलेली असतात. पहिल्या वर्षी माझं ३८,००० चं देणं होतं आणि खात्यात नऊ हजार. दीरांकडून उसने घेतले. आता गणपती गेले की दर आठवड्याला थोडी रक्कम बाजूला काढते, दिवाळीच्या देण्यासाठी म्हणून.

रोखीने दिलेल्या पैशांची पावती नसते. मग?

स्वतःचं व्हाउचर लिहा: तारीख, नाव, काम, रक्कम, सही. ५,००० च्या वर असेल तर एक रुपयाचं महसुली तिकीट लावून त्यावर सही. एका माणसाला एका दिवसात १०,००० पेक्षा जास्त रोख दिली तर साधारणपणे आयकरात तो खर्च मान्य होत नाही, म्हणून मोठी देणी बँकेतूनच. मजुरीही मी आता यूपीआयने देते. बाई म्हणतात, "बरंच झालं ताई, घरी कुणाच्या हाती लागत नाही."

महिना बंद करताना नेमकं काय करायचं?

माझी दोन तारखेची दुपार त्यासाठी राखलेली. जेवणं आटोपली की बँकेचं विवरण उघडते आणि शीटमधल्या प्रत्येक ओळीवर टिचकी मारत जाते. बँकेत आहे आणि शीटमध्ये नाही असं जे सापडतं, ते बहुधा बँकेचे चार्जेस किंवा कुणाचे तरी न सांगता टाकलेले पैसे. मग प्रत्येक संकेतस्थळाचं महिन्याचं विवरण उतरवून घेऊन पूर्ण विक्री आणि वजावट वेगळी लिहिते. पेमेंट गेटवेचंही तसंच, तिथे कार्डावर साधारण दोन टक्के आणि त्यावर जीएसटी कापलेला असतो. मग साठा. मग एका पानावर पाच आकडे: विक्री, मालाचा खर्च, बाकी खर्च, नफा, आणि हातातली व बँकेतली शिल्लक. शेजारी गेल्या महिन्याचे आणि गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याचे. फराळाच्या धंद्यात ऑक्टोबरची तुलना सप्टेंबरशी करण्यात अर्थ नाही.

दीड तास लागतो. रोजची नोंद राहिली असेल तर दीड दिवस.

दोनशे सत्तर रुपयांचा फरक येतोय, सापडतच नाही. सोडून देऊ?

आधी फरकाला नऊने भागून बघा. निःशेष भाग गेला तर बहुधा कुठेतरी आकडे उलटे पडलेत, ६३० चे ३६० झालेत. दोनने भागून येणारी रक्कम शोधा, ती जमेची खर्चात गेली असेल. तरी नाही सापडलं तर "फरक" म्हणून लिहा आणि झोपा. पण तोच फरक पुढच्या महिन्यातही आला तर तो फरक नाही, न लिहिलेला दरमहाचा खर्च आहे. बहुधा कुठलं तरी विसरलेलं सबस्क्रिप्शन.

वही नफा दाखवते, मग खातं रिकामं का?

चार ठिकाणी बघा: माळ्यावरचा साठा, न आलेली येणी, घेतलेलं यंत्र, आणि उचल. कर्ज असेल तर पाचवं, हप्त्यातला मुद्दलाचा भाग, कारण तो खर्चात धरत नाहीत पण पैसे तर जातात. माझ्याकडे आलेल्या दहातल्या आठ वह्यांत पैसा साठ्यात आणि उचलीत सापडला. एका वहीत तो सापडलाच नाही. दोन बैठकांनंतर कळलं की नवरा त्याच क्यूआरवर पेट्रोल भरत होता.

जुने कागद किती वर्षं ठेवू?

जीएसटी नोंदणी असेल तर वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने, म्हणजे सहा वर्षं. आयकरासाठीही मी तेवढीच ठेवते. थर्मल कागदावरची बिलं वर्षभरात कोरी होतात, त्यांचे फोटो आल्या दिवशीच काढा.